रिकामी गच्ची आणि तिचें भाडें

मोठ्या शहरांतील व्यापारी इमारतीचा सारा संसार चौरस फुटांवर चालतो. तळमजल्यावरच्या दुकानाचा भाव निराळा, पहिल्या मजल्यावरच्या कचेरीचा निराळा, आणि जिन्याखालच्या पानपट्टीलाहि तिचा तिचा भाव असतो. ह्या हिशेबांत एक मोठी जागा मात्र पुष्कळ वर्षें कोणी जमेस धरीत नसे. ती जागा म्हणजे गच्ची. पाण्याच्या टाक्या, लिफ्टच्या यंत्राची खोली, कोणाच्या तरी कचेरींतून निघालेल्या मोडक्या खुर्च्या आणि रखवालदारानें वाळत घातलेले कपडे, एवढाच तिचा उपयोग. खालीं हातभर जागेसाठीं लोक पागडी मोजीत, आणि त्याच इमारतीच्या माथ्यावर दहा दहा हजार चौरस फूट जागा ऊन खात पडलेली असे.

३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान भारतांतील मोबाइलवरचें पहिलें संभाषण झालें, आणि त्यानंतर थोडक्याच वर्षांत ह्या रिकाम्या जागेला गिऱ्हाईक आलें. मोबाइलच्या लाटा पकडण्यासाठीं आणि सोडण्यासाठीं उंचावर खांब हवे होते; शहरांत उंच जमीन नसते, उंच इमारती असतात. त्यामागून सूर्यप्रकाशापासून वीज करणारे आले. जाहिरातदार तर पूर्वींपासूनच होते. आणि अलीकडे गच्चीवर मेजें मांडून जेवूं घालणारेहि आले. आज मुंबईपुण्याच्या व्यापारी भागांत ह्यांपैकीं कोणाचा तरी मध्यस्थ येऊन गेला नाहीं अशी इमारत क्वचित् सांपडेल.

हे चौघे भाडेकरू एका जागीं येतात खरे, परंतु त्यांना हवी असलेली वस्तु एक नव्हे. फरशीशीं त्यांपैकीं कोणालाच फारसें कर्तव्य नसतें. टॉवरवाल्याला उंची हवी, सौर विजेच्या व्यापाऱ्याला दिवसभराचें निर्वेध ऊन हवें, जाहिरातदाराला रस्त्यानें जाणाऱ्यांची नजर हवी, आणि उपाहारगृहाच्या चालकाला संध्याकाळचा वारा हवा. म्हणूनच गच्चीचा 'चालू भाव' चौरस फुटाच्या दरानें विचारण्यांत अर्थ नाहीं. चौकावरची तिमजली इमारत जाहिरातीला सोन्याच्या मोलाची असेल, पण तिच्या शेजारीं वीस मजल्यांचा मनोरा उभा असेल तर टॉवरच्या दृष्टीनें ती कवडीमोल ठरेल, आणि दुपारनंतर तिच्यावर सांवली पडत असेल तर सौर विजेलाहि ती नको होईल. गच्ची भाड्यानें द्यावयाची म्हणजे प्रथम आपल्यापाशीं ह्या चार वस्तूंपैकीं कोणती आहे हें ओळखावयाचें.

त्याहूनहि आधींचा प्रश्न मालकीचा. इमारत एका धन्याची असेल तर प्रकरण सोपें. मात्र ती बँकेकडे गहाण असेल तर बँकेची लेखी संमति आधीं घ्यावी लागते, हें कित्येकांच्या ध्यानांत करार झाल्यावर येतें. खरी गुंतागुंत गाळे वेगवेगळ्या लोकांना विकलेल्या इमारतींत असते. तेथें गच्चीवर तिघे हक्क सांगतात. ज्यानें इमारत बांधली तो म्हणतो, 'गाळे विकले, गच्ची विकलेली नाहीं.' सर्वांत वरच्या मजल्याचा धनी म्हणतो, 'माझ्या डोक्यावरची ती माझी.' आणि सोसायटी म्हणते, 'ती सर्वांची.' महाराष्ट्रांत १९६३ सालीं मालकी हक्काच्या सदनिकांविषयींचा जो कायदा झाला, त्यांत 'सदनिका' ह्या शब्दाच्या व्याख्येंत राहत्या घराबरोबरच कचेरी, दुकान व गुदाम यांचाहि समावेश आहे. त्यामुळें व्यापारी गाळेधारकांनाहि तो लागू पडतो. ह्या कायद्याखालीं बांधणाऱ्यानें जमीन व इमारत दोन्ही सोसायटीच्या नांवें करून द्यावयाची असतात. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी हें प्रकरण आलें. वाद खांबांमधल्या वाहनतळाचा होता. पण न्यायालयानें सांगितलेलें तत्त्व व्यापक आहे. इमारतीचा जो भाग 'सदनिका' ह्या व्याख्येंत बसत नाहीं तो विकण्याचा अधिकार बांधणाऱ्याला नाहीं. त्याच्या हातीं उरतात त्या केवळ न विकलेल्या सदनिका. पुढें २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें सामाईक जागांच्या यादींत गच्चीचें नांवच घातलें.

ह्याचा व्यवहारांतला अर्थ असा कीं, सोसायटीच्या इमारतीवरील गच्चीचा करार चिटणीसानें एकट्यानें, किंवा वरच्या मजल्यावरील सभासदानें परस्पर करावयाचा नसतो. सर्वसाधारण सभेपुढें विषय ठेवून, भाडेकरू कोण, मुदत किती, गच्चीचा कोणता भाग, हें सर्व ठरावांत लिहून मग करार व्हावा. पुष्कळ ठिकाणीं जुन्या करारपत्रांत 'गच्चीचे हक्क बांधणाऱ्याकडे राहतील' असें एखादें वाक्य बारीक अक्षरांत असतें. त्यावर विसंबून बांधणाऱ्यानें टॉवर कंपनीशीं परभारें करार केलेला असतो आणि भाडें वर्षानुवर्षें त्याच्याकडे जात असतें. अशा वेळीं इमारत सोसायटीच्या नांवें झाली आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. तें झालेलें नसेल तर पहिली दौड टॉवर कंपनीच्या दारीं नव्हे, तर उपनिबंधकाच्या कचेरींत झाली पाहिजे.

मालकी ठरली म्हणजे पुढचा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा. गच्चीची स्लॅब खालच्या मजल्यांच्या स्लॅबसारखीच दिसते, म्हणून ती तेवढाच भार सोसेल असें लोकांना वाटतें. तें खरें नव्हे. भारतीय मानकांप्रमाणें माणसांना जातां येतां येईल अशा सपाट गच्चीसाठीं चौरस मीटरला सुमारें १५० किलो एवढाच वरचा भार धरलेला असतो. जेथें केवळ दुरुस्तीपुरतें जावयाचें तेथें त्याच्या निम्मा. उलट जेथें माणसांचा मेळावा जमतो आणि आसनें जखडलेलीं नसतात अशा जागेसाठीं हाच आंकडा सुमारें ५०० किलोंचा आहे. वाढदिवसाच्या मेजवानीसाठीं दोनशें माणसें, मातीच्या कुंड्या, ओटा आणि पाण्याचा कृत्रिम झरा हें सर्व ज्या गच्चीवर चढवावयाचें, ती मूळच्या हिशेबांत त्यासाठीं धरलेलीच नसते. मुंबईच्या महानगरपालिकेच्या कायद्यांत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना बळकटीचा दाखला घेण्याचें बंधन आहे. गच्ची भाड्यानें देणाऱ्यानें मात्र वय न पाहतां अभियंत्याचा दाखला घ्यावा, आणि तो भाडेकरूनें नेमलेल्या अभियंत्याचा नसावा.

वजनापेक्षांहि अधिक दुर्लक्षिला जाणारा शत्रु म्हणजे वारा. सौर पॅनेलें सांगाड्यासकट तशीं हलकीं असतात. चौरस मीटरला पंधरा-वीस किलोंचीच बाब. पण तीं तिरपीं मांडलेलीं असतात आणि वाऱ्याला शिडासारखीं सांपडतात. मानकांत मुंबईसाठीं वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे तासाला सुमारें १५८ किलोमीटर धरला आहे. पुण्यासाठीं तो ३९ मीटर आहे. मुंबईच्या आंकड्यानें हिशेब केला तर समोरून लागणाऱ्या वाऱ्याचा दाब स्थूलमानानें चौरस मीटरला ११८ किलो येतो. इमारतीची उंची व आसपासची वस्ती यांप्रमाणें तो कमी-अधिक होईल. चाळीस फूट लांब व चाळीस फूट उंच असा जाहिरातफलक घेतला तर त्याचें क्षेत्र दीडशें चौरस मीटरांच्या घरांत जातें, आणि त्यावरचा एकूण रेटा सतरा टनांच्या पुढें भरतो. फलकाचें स्वतःचें वजन ह्यापुढें कांहींच नव्हे. हा सतरा टनांचा रेटा आडवा असतो. तो गच्चीच्या कठड्यावर, खिळ्यांवर आणि शेवटीं खालच्या खांबांवर येतो.

१३ मे २०२४ रोजीं मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यानें एक फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसें प्राणास मुकलीं. तो फलक गच्चीवरचा नव्हता, जमिनींत पाया घेऊन उभा होता. त्याचें माप १२० फूट बाय १२० फूट होतें. अनुज्ञा असलेलें मोठ्यांत मोठें माप ४० बाय ४० फूट. लांबीरुंदी तिप्पट म्हणजे क्षेत्र नऊपट, आणि रेटाहि तितकाच. ज्या फलकाखालीं जमीन आहे त्याची ही गत, तर ज्याच्याखालीं पन्नास वर्षांची जुनी स्लॅब आहे त्याविषयीं अधिक सांगावयास नको. जाहिरातीचें भाडें इतर तिन्हींपेक्षां पुष्कळदां जास्त असतें, हें खरें. तरीहि जुन्या इमारतीच्या बाबतींत तें नाकारणेंच शहाणपणाचें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वाऱ्यानंतर पाणी. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि गच्चीला त्यापासून वांचविणारा असतो तो विटांच्या तुकड्यांचा कोबा. हा कोबा म्हणजे उतार देऊन केलेली एक अखंड पाठ असते. तिला एक भोंक पडलें तरी पाणी स्लॅबपर्यंत उतरतें, आणि आंत शिरलेलें पाणी जेथें शिरलें तेथेंच खालीं गळेल असें नाहीं. तें वीस फूट दूर, दुसऱ्याच कोणाच्या कचेरींत कागदांवर टपकतें. मग भोंक कोणी पाडलें ह्याचा वाद सुरू होतो. टॉवरचा खांब असो वा पॅनेलाचा सांगाडा, तो कोब्यांतून बोल्ट मारून बसविण्यास संमति देऊं नये. काँक्रीटचे ओटे करून त्यांवर सांगाडा बसवितां येतो, किंवा जड ठोकळ्यांच्या भारानें तो दाबून धरतां येतो; मात्र त्या भाराचा हिशेबहि वर सांगितलेल्या १५० किलोंत बसला पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे कोब्याचें आयुष्य संपून तो नव्यानें घालण्याची पाळी बहुधा भाड्याची मुदत चालू असतांनाच येते. त्या वेळीं वरचें सामान उचलून पुन्हां मांडण्याचा खर्च कोणाचा? हें करारांत नसेल तर तो खर्च मालकावर येतो, आणि दोन वर्षांचें भाडें एका उन्हाळ्यांत निघून जातें.

आतां टॉवरविषयीं. येथें करार बहुधा मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीशीं होत नाहीं. टॉवर उभारून तो दोन-तीन सेवा कंपन्यांना वापरावयास देणारी मधली कंपनी निराळी असते. तिला गच्चीचा लहानसा भाग, वीजजोडणी, बॅटऱ्यांची पेटी ठेवण्यास जागा, आणि रात्रीं-अपरात्रीं दुरुस्तीवाल्याला वर जाण्याची मुभा हवी असते. मुदत दहा-पंधरा वर्षांची, आणि ठराविक वर्षांनीं भाड्यांत वाढ, असा सामान्य प्रघात आहे. कंपनीनें छापून आणलेल्या मसुद्यांत एक कलम नेहमीं पाहावें. कंपनीला थोड्या महिन्यांच्या सूचनेनें निघून जातां येतें, पण मालकाला मुदत संपेपर्यंत तिला उठवितां येत नाहीं, असें तें कलम असतें. ह्या व्यवसायांतील उलथापालथी पाहिल्या म्हणजे त्याचें महत्त्व कळतें. फेब्रुवारी २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें १२२ परवाने रद्द केले. २०१८ सालीं एअरसेल दिवाळखोरींत गेली आणि त्याच वर्षीं व्होडाफोन व आयडिया एकत्र झाल्या. दोन कंपन्यांच्या जागीं एक झाली कीं निम्मे टॉवर अनावश्यक होतात. तेव्हां दहा वर्षांचा करार म्हणजे दहा वर्षांचें उत्पन्न असें समजून त्यावर कर्ज काढणें धोक्याचें.

मालमत्ताकराचाहि एक घोळ होता. टॉवर ही इमारत आहे काय, आणि त्यावर पालिकेला कर बसवितां येतो काय, हा वाद अहमदाबादच्या पालिकेच्या निमित्तानें सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि डिसेंबर २०१६ मध्यें राज्यांना असा कर बसविण्याचा अधिकार आहे असा निकाल झाला. त्यामुळें अनेक मालकांच्या बिलांत टॉवरचा कर येऊं लागला. पुढें २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें, एखाद्या मालमत्तेवर बसविलेलें दूरसंचाराचें जाळें हें त्या मालमत्तेचा भाग मानूं नये, मालमत्ताकरासाठींहि नाहीं, असें ठरविलें. हें कलम २६ जून २०२४ पासून अमलांत आलें. जुन्या थकबाकीचा प्रश्न मात्र त्यानें आपोआप मिटत नाहीं. म्हणून टॉवरपायीं येणारा कोणताहि कर भाडेकरूनें भरावा, मागील काळाचाहि, हें वाक्य करारांत असावें.

लाटांच्या भीतीविषयीं एवढें सांगणें पुरें कीं, भारतानें १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश एवढी कडक मर्यादा घालून दिली. इमारतींतील लोकांना शंका असेल तर मोजणी मागून घेतां येते. सभेंत आरडाओरडा करण्यापेक्षां मोजणीचा कागद बरा.

टॉवरच्या निमित्तानें होणारी फसवणूक मात्र भीतीपेक्षां फार मोठी आहे, आणि ती लहान गांवांतील गाळेवाल्यांपर्यंत पोंचली आहे. एक पत्र किंवा संदेश येतो. त्यावर सरकारी मुद्रा असते. 'आपल्या गच्चीची उपग्रहाद्वारें निवड झाली आहे. लाखों रुपये आगाऊ, दरमहा भरघोस भाडें, शिवाय घरांतील एकाला रखवालदाराची नोकरी.' वाचणाऱ्याला आनंद होतो. मग नोंदणीचे थोडे पैसे मागितले जातात. ते भरले कीं ना-हरकत दाखल्याचे, मग विम्याचे, मग कराचे. आणि प्रत्येक वेळीं आधीं भरलेले पैसे बुडूं नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. शेवटीं तो दूरध्वनि लागत नाहीं. ज्याचें दुकान चालत नाहीं, ज्याला गच्चीच्या भाड्यावर मुलीचें लग्न उरकावयाचें आहे, असाच माणूस बहुधा ह्या जाळ्यांत सांपडतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें आणि दूरसंचार विभागानें वारंवार जाहीर केलें आहे कीं, टॉवरसाठीं जागा भाड्यानें घेण्याशीं प्राधिकरणाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कांहींएक संबंध नाहीं, तें असा कोणताहि दाखला देत नाहीं, आणि खऱ्या कंपन्या जागामालकाकडून आगाऊ पैसे मागत नाहींत. नोंदलेल्या टॉवर कंपन्यांची यादी दूरसंचार विभागाकडे पाहावयास मिळते. भाड्याच्या व्यवहारांत पैसा भाडेकरूकडून मालकाकडे जातो; जो उलट दिशेनें मागतो तो भाडेकरू नव्हे. पैसे गेलेच असतील तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पहिल्या कांहीं तासांत पैसा वाटेंतच अडविला जाण्याचा संभव असतो.

सौर विजेचें गणित सर्वांत स्वच्छ आहे, आणि म्हणूनच त्यांत विचाराला अधिक वाव आहे. एक किलोवॅटच्या पॅनेलांना सुमारें शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि महाराष्ट्रांतील उन्हांत तीं वर्षाला सरासरी चौदाशें युनिटें वीज देतात. दहा हजार चौरस फुटांच्या गच्चींतून टाक्या, लिफ्टची खोली, त्यांची सांवली आणि चालण्याच्या वाटा वजा केल्या तर सहा हजार चौरस फूट हातीं लागतात. म्हणजे साठ किलोवॅट, आणि वर्षाला सुमारें चौऱ्यांशीं हजार युनिटें.

अशी गच्ची भाड्यानें देण्याचा एक मोठा प्रयोग गुजरातेंत गांधीनगर येथें झाला. तेथें दोन कंपन्यांना प्रत्येकीं अडीच मेगावॅट, एकूण पांच मेगावॅटचें काम पंचवीस वर्षांच्या कराराने देण्यांत आलें. गच्च्या बहुतांशीं सरकारी इमारतींच्या, आणि थोड्या खासगी घरांच्या. वीज शहराच्या वितरण कंपनीनें विकत घ्यावयाची आणि गच्चीच्या धन्याला प्रत्येक युनिटामागें तीन रुपये द्यावयाचे, अशी व्यवस्था होती. ह्या पद्धतींत एक मोठा गुण आहे. भाडें चौरस फुटावर नसून उत्पन्न झालेल्या विजेवर असल्यामुळें, पॅनेलांवर सांवली पडूं न देणें आणि वर जाण्यास अडथळा न करणें हें धन्याच्याहि हिताचें होतें. गांधीनगरचा दर वरील साठ किलोवॅटच्या गच्चीला लावला तर वर्षाचें भाडें अडीच लाखांच्या घरांत जाईल.

पण तो दर आज कोणी देईल अशी आशा धरूं नये. गांधीनगरच्या एका कंपनीचा विजेचा दर त्या वेळीं युनिटाला ११ रुपये २१ पैसे ठरला होता, म्हणून त्यांतून तीन रुपये काढून देणें शक्य झालें. पुढें पॅनेलांच्या किंमती इतक्या कोसळल्या कीं, २०१७ सालीं राजस्थानांत भाडला येथें मोकळ्या जमिनीवरील सौर विजेचा दर २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. सारी वीजच जेथें अडीच रुपयांना मिळते तेथें नुसत्या उन्हाचे तीन रुपये कोण देणार? उलट, व्यापारी इमारत वितरण कंपनीकडून जी वीज घेते तिचा दर ह्याच्या कित्येक पट असतो. तेव्हां ज्या इमारतींत दिवसा वीज खपते, वातानुकूलन चालतें, लिफ्ट फिरते, तिनें गच्चीचें भाडें घेण्यापेक्षां गच्चीवरची वीज स्वतः वापरावी. भांडवल नसेल तर कंपनीनें स्वतःच्या खर्चानें पॅनेलें बसवावीं आणि ठरलेल्या स्वस्त दरानें वीज मालकालाच विकावी, हीहि पद्धति रूढ आहे. तींत हातीं भाडें येत नाहीं. बिल कमी होतें. भाड्यावर कर बसतो, न भरलेल्या बिलावर बसत नाहीं, ही त्यांतली बारीक गोष्ट हिशेबनीसाला लगेच पटते.

भाड्याची पद्धति शोभते ती भिवंडीसारख्या ठिकाणच्या गुदामांना. तेथें छप्पर एकरांनीं मोजावें एवढें, आणि आंत विजेचा खप चार दिव्यांचा. मात्र हीं छप्परें पत्र्याचीं असतात. करार पंचवीस वर्षांचा, आणि पत्रा त्याआधींच गंजला, तर काय करावयाचें, हें आधीं ठरवावें. नाहीं तर पत्रा बदलण्यासाठीं पॅनेलवाल्याची मनधरणी करण्याची पाळी गुदामाच्या धन्यावर येते.

पंचवीस वर्षांच्या मुदतीचा दुसरा धोका शहरांत आहे. मुंबईत चाळीस वर्षांची इमारत पाडून नवी बांधण्याचा विचार केव्हांहि निघतो. गच्चीवर दीर्घ मुदतीचा भाडेकरू बसलेला असेल तर त्या पुनर्विकासाच्या बोलण्यांत तो एक जादा भागीदार होऊन बसतो. पुनर्विकास ठरल्यास सहा महिन्यांच्या सूचनेनें, भरपाईवांचून किंवा ठरलेल्या भरपाईनें, जागा सोडावी, असें कलम टॉवर व सौर दोन्ही करारांत असलें पाहिजे. भाडेकरू कंपनी त्याला प्रथम नाहीं म्हणते. आग्रह धरला तर बहुधा मान्य करते.

उपाहारगृहाची गोष्ट निराळी, कारण तेथें गच्चीवर यंत्र नव्हे तर माणसें चढतात. मुंबई महानगरपालिकेनें नोव्हेंबर २०१७ मध्यें गच्चीवरील उपाहारगृहांचें धोरण मंजूर केलें, आणि त्याच वर्षीं २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारांत एका इमारतीच्या गच्चीवरील दोन उपाहारगृहांना आग लागली. १४ जण मृत्यु पावले. वर पावसाउन्हासाठीं जें आच्छादन केलें होतें तें भराभर पेटलें. कित्येकांचे देह प्रसाधनगृहांत सांपडले, बाहेर पडण्याची वाट त्यांना मिळाली नव्हती. गच्ची उघडी असते म्हणून तेथें आगीचें भय नाहीं असें वाटतें, परंतु भाडेकरूनें तिच्यावर ताडपत्री, बांबू आणि कापड चढविलें कीं ती उघडी राहत नाहीं. तिला खालीं उतरण्याच्या वाटाहि बहुधा एक-दोनच असतात, आणि त्या मुळांत रखवालदार व टाकी धुणारा यांच्यासाठीं केलेल्या असतात. मालकानें करार करतांना दोन स्वतंत्र जिने आहेत काय, अग्निशमन दलाचा दाखला आहे काय, हें पाहावें. आणि करार झाल्यावरहि महिन्या दोन महिन्यांनीं स्वतः वर चढून वर काय काय उभें राहिलें आहे तें पाहून यावें. भाडें वेळेवर येत असलें म्हणजे वर जाण्याचा कंटाळा येतो, आणि तेवढ्यांत एक पत्र्याचें छप्पर वाढतें.

कराराच्या कागदाविषयीं महाराष्ट्रांत एक विशेष आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणें भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसेन्सचा करार लेखी व नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केलेली नसेल तर शर्तींविषयीं भाडेकरू जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें मानलें जातें. मुद्रांकाचे चार पैसे वांचविण्यासाठीं साध्या कागदावर सही करणाऱ्या मालकानें हें कलम एकदां वाचावें. दुसऱ्या बाजूनें मालकाला एक दिलासा आहे. एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक वसूल भागभांडवल असलेल्या कंपन्यांना त्या कायद्याचें भाडेकरू म्हणून संरक्षण मिळत नाहीं. त्यामुळें मोठी टॉवर कंपनी जुन्या पागडीच्या भाडेकरूसारखी कायमची ठाण मांडूं शकत नाहीं.

आलेल्या भाड्याचें पुढें काय होतें, हेंहि थोडक्यांत. कंपनी भाडें देतांना त्यांतून दहा टक्के आयकर कापून ठेवते. सोसायटीचें एकूण करपात्र उत्पन्न वर्षाला वीस लाखांच्या वर गेलें तर वस्तु व सेवा कराची नोंदणी करावी लागते, आणि व्यापारी भाड्यावर तो कर अठरा टक्के आहे. सोसायटीला सभासदांकडून मिळणाऱ्या वर्गणीवर आयकर नसतो म्हणून गच्चीच्या भाड्यावरहि नसेल, ही समजूत चुकीची आहे. भाडेकरू सभासद नसतो. हें भाडें 'घरापासूनचें उत्पन्न' ह्या सदरांत धरावें असे निर्णय आयकर न्यायाधिकरणांनीं दिले आहेत, आणि त्या सदरांत सरसकट तीस टक्के वजावट मिळते. राहिलेली रक्कम सभासदांत वांटण्यापेक्षां दुरुस्तीच्या निधींत घालावी हें उत्तम, कारण गच्चीच्या भाड्याचा पहिला हक्कदार गच्चीच असते. वरच्या मजल्यावरील सभासदाला पायांचा आवाज, यंत्राची घरघर आणि गळती ही इतरांपेक्षां अधिक सोसावी लागते. त्याच्या छताची दुरुस्ती ह्या निधींतून सर्वांआधीं व्हावी, असा ठराव केला तर सभेंतले निम्मे वाद होतच नाहींत.

करार संपतो तेव्हां भाडेकरू आपलें सामान काढून नेतो, आणि मागें स्लॅबांतून वर आलेले कापलेले बोल्ट, फुटलेला कोबा, लोंबत्या तारा आणि मोडके ओटे राहतात. म्हणून सुरुवातीलाच गच्चीचीं छायाचित्रें काढून करारास जोडावीं, आणि अनामत रक्कम निदान ही सर्व दुरुस्ती करण्याच्या खर्चाएवढी घ्यावी. ती रक्कम सामान हलविल्याच्या दिवशीं परत देऊं नये. मधें एक पावसाळा जाऊं द्यावा, दिवाळीच्या सुमारास खालच्या मजल्यावरील छतें पाहावीं, आणि तीं कोरडीं असलीं तर धनादेश लिहावा.